भेंडीच्या ठशाचे पैसे

१८ नोव्हेंबर ७४, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. बालवाडी आजपासून. सगळी आली, फक्त पंक्या अजून गावाहून परतला नाही. ओटीवर चटई पुरत नाही, दोघं-तिघं उंबऱ्यात बसतात. चाळीच्या मालकांनी परवा विचारलं, "बाई, हे कायमचंच का?" हसून वेळ मारून नेली.

दुकान-दुकान मांडलं. गेल्या वर्षी पैसे म्हणून चिंचोके चालायचे. आज बेबी (शेजारच्या सुमनची, पाच वर्षांची) हाताची घडी घालून म्हणाली, "हे पैसे नाहीत बाई. चिंचोके आहेत."

मग पैसे कसे असतात?

तिने फ्रॉकच्या खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून दाखवला. गोकुळशेठच्या किराणा दुकानातली चिठ्ठी. जांभळा शिक्का, खाली ५.

खरंच आहे तिचं. किती दिवस झाले, सुटे पैसे कुठे दिसत नाहीत. शेठ पाच-दहा पैशांऐवजी पुठ्ठा हातावर ठेवतो, पुढच्या खेपेला तोच परत घेतो. आता केबिन रोडला भाजीवालाही त्या चिठ्ठ्या घेतो, पिठाची गिरणीही घेते. ह्या मुलांनी नाणं असं पाहिलंय कुठे? त्यांच्या लेखी पैसे म्हणजे पुठ्ठाच.

"उद्या करू आपण," म्हटलं.

१९ नोव्हेंबर

दुपारी शेठकडून साबणाची रिकामी खोकी आणली. बालवाडीसाठी म्हटलं की फुकट देतो. "ले जाओ बेन, बच्चा लोग खेलेगा." चिठ्ठीच्या मापाचे तुकडे कापले. मुलांना तेच माप हवं होतं, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

शिक्का कशाचा करावा? भाजीला भेंडी चिरत होते. देठाकडचा तुकडा निळीत बुडवून टेकवला, तर काय सुंदर फूल उमटलं! पाच पाकळ्या, मध्ये बियांचे ठिपके. सुमन कडेवर सूप घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "अगंबाई, भेंडीत फूल असतं होय!" मग तीही बसली. ती ठसे टेकवत गेली, मी खाली आकडे घालत गेले. ५, १०. वर "खेळ" लिहावं असं एकदा मनात आलं. पण ज्यांच्यासाठी करतेय त्यांना वाचता कुठे येतं. कशाला.

किती केल्या ते मोजलं नाही. खोकी संपेपर्यंत करत होतो.

हे आले. सतरंजीवर वाळत घातलेलं सगळं बघून तिथेच थबकले. "हे काय?"

"मुलांचे पैसे."

एक उचलून दिव्याखाली धरली. "मला वाटलं शेठची." मग हळूच, "बाहेर जाऊ देऊ नकोस."

तेवढंच. पण जेवताना बोलले नाहीत. मला राग आला आणि मग रागाची लाज वाटली. मे महिन्यात रेल्वेच्या संपात होते म्हणून काढलं. श्रावणात परत घेतलं ते "पुन्हा काही कानावर आलं तर" असं लिहून घेऊन. ते कागदावर सही करून आले त्या दिवसापासून हा माणूस दार लावतानासुद्धा कडी वाजू देत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्र.

बाजार काय रंगला! बेबी भाजीवाली, राजू गिऱ्हाईक.

"कांदे कसे?"

"दहा पैसे. आणि हात लावू नका."

"काल तर पाच होते."

"काल मी नव्हते, काल माझी सासू होती."

हसून हसून पोट दुखलं. हे असं आपल्याला लिहिता यायला हवं. कथा अडूनच राहिलीय, मासिकाला महिनाअखेर द्यायची.

जाताना दोन-दोन चिठ्ठ्या खिशात घालून गेली सगळी. जाऊ दिलं. रिकाम्या हाताने घरी जायला मुलांना आवडत नाही.

दुपारी बोळातून बुटांचा आवाज आला. हातातली कढई खाली ठेवता येईना. बूट पुढे गेले, परत आले, आमच्या दाराशी थांबले. विजेचं मीटर बघणारा माणूस होता. त्याला पाणी दिलं, तर पेल्यातलं निम्मं सांडलं. म्हणाला, "ताई, बरं नाही का?"

मेमध्ये पोलीस असेच आले होते, ह्यांना शोधत. तांदळाचा डबा उपडा केला होता, जणू माणूस तांदळात लपतो.

२३ नोव्हेंबर

काही नाही. कथेचं एक पान. फाडलं.

२६ नोव्हेंबर, मंगळ.



भाजीवाल्या भैय्याकडे कोथिंबीर, मिरच्या घेतल्या. सुट्ट्याऐवजी त्याने चिठ्ठी दिली. निळं फूल. माझ्या हातचा ५.

"भैय्या, ये तो हमारे बच्चों का है. खेलने का."

"चलता है बाई. चक्कीवाला लेता है, सब लेता है."

"कोई कैसे लेगा? ये पैसा नहीं है."

"बालवाडीवाली चिठ्ठी है ना? आपके नाम से चलता है." आणि मागच्या बाईला, "हां बोलो, क्या दूँ."

परत टाकायला हवी होती त्याच्यासमोर. फाडायला हवी होती. मागे बायका उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या. मी गपचूप पदराच्या गाठीत बांधून घरी आले. चोर बांधतो तशी.

मुलांच्या खिशातून गेली असणार. एखाद्या आईने धुताना खिसा तपासला, पुठ्ठा मिळाला, भाजीवाल्याला दिला. त्याने घेतला. एवढंच असेल. एखादीच असेल.

ह्यांना सांगितलं नाही.

२९ नोव्हेंबर

फिलूमावशी आली, उत्तनहून, सुके बोंबील घेऊन. तिचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की बरं वाटतं. मेमध्ये ह्यांना तिने आपल्या घरी, जाळी ठेवायच्या खोलीत ठेवलं होतं. कुणाला कळू दिलं नाही. पैसे दिले तर म्हणाली, "पावन्याचं पैसं घेतात काय?"

बोंबील घेतले. सुटं द्यायला तिने कमरेची चंची सोडली, आणि चंचीतून चिठ्ठ्या निघाल्या. जांभळ्या थोड्या. बाकी निळ्या.

मी म्हटलं, "मावशी, ह्या कुठून आल्या?"

"कुठून म्हंजे? बोंबलाचं आल्यान."

"अगं, ह्या मुलांच्या खेळातल्या आहेत. ह्यांचं काही मिळत नाही."

"मिलते. परवा ग्यासतेल आनलं." मग माझ्याकडे बघून हसली. "तुजं फूल हाय ना यावर? मंग. शेठचा काय भरोसा, त्यो उद्या दुकान बंद करून मुलकाला जाईल. तू कुठं जाशील?"

ती विश्वासाने बोलली आणि माझ्या अंगावर काटा आला.

तिने चिठ्ठ्या चटईवर ठेवल्या होत्या. ओणवी होऊन पाहिल्या. माझी भेंडी पाच पाकळ्यांची होती. ह्यात काही फुलं सहा पाकळ्यांची. नीळ फिकट. आणि आकडा माझ्या हातचा नाही, माझा पाच असा पोट फुगवून बसत नाही.

दुसरं कुणीतरी करतंय.

३० नोव्हेंबर

भेंडी तर घरोघरी असते. नीळही.

१ डिसेंबर, रविवार

हे घरी. दिवसभर सांगायचं, सांगायचं म्हणून त्यांच्या मागे-मागे फिरले. ते दाढी करत होते तेव्हा आरशात तोंड बघितलं त्यांचं. हनुवटी वर करून, डोळे मिटून. असा माणूस किती उघडा दिसतो! नाही सांगवलं.

जेवून झोपले तेव्हा बालवाडीच्या डब्यातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत घातल्या. पुठ्ठा लवकर जळत नाही, साबणाचा वास सुटतो. झोपेतच विचारलं त्यांनी, "काय जळतंय?"

"जुने कागद."

"कसले?"

"कथेचे."

कूस बदलली. मी राख परसात नेऊन चिखलात कालवली. खुनी माणसं असं करत असतील. बाहेर किती असतील त्याचा पत्ता नाही आणि मी घरातल्या जाळतेय. पण काहीतरी करायला हवं होतं हातांना.

२ डिसेंबर

मुलं: "बाई, पैसे कुठायत?"

"आज बँक बंद आहे."

पंक्या (आला काल गावाहून): "संप आहे का?"

सगळी हसली. मी पण हसले म्हणजे तोंड तसं केलं.

तेवढ्यात बेबी म्हणाली, "आमच्याकडे खूप आहेत. आई करते. मी आणू?"

सगळ्यांदेखत. भिंतीपलीकडे सुमन भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

३ डिसेंबर, मंगळ.

सुमनकडे गेले. दत्ता (तिचा नवरा) बाहेर पायरीवर बसलेला. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना गणपतीनंतर बंद पडला तेव्हापासून तो तिथेच असतो. मला बघून उठून उभा राहिला. नेहमी उठतो. मला त्याच्या ह्या उठण्याचीही भीती वाटली आज.

सुमनने दार लोटलं. मला पाट दिला, स्वतः उभीच.

"ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात."

"सुमन, अगं..."

"मी काही मुद्दाम केलं नाही. बेबीच्या खिशात एक सापडली. कांदे घ्यायला गेले तर भैय्याने विचारलं पण नाही, घेतली. मग भाजीला भेंडी आणलेली होती. देठाचा तुकडा टाकायचाच असतो, बाई."

किती सरळ म्हणाली. म्हटलं, "हा गुन्हा आहे गं. पोलीस येतील."

"तुम्ही केल्या तर खेळ, आणि मी केल्या तर गुन्हा?"

"मी त्या चालवल्या नाहीत."

"चालल्या तर तुमच्याच नावावर. माझ्या नावावर मला कोण मिरच्या देतो?" मग आवाज अगदी खाली आणून, "शेठ करतो तेव्हा कोण बोलतं? त्याने तरी कुठे सरकारला विचारलंय?"

चुलीवर भात होता. भाताचं पाणी वेगळं काढून ठेवलं होतं, बेबीसाठी असेल. माझं लक्ष तिकडे गेलेलं तिला दिसलं. पदराने पातेलं झाकलं.

"ह्यांना माहीत नाही," बाहेर मान करून म्हणाली. "जेवताना म्हणतात, तू बरी पुरवतेस गं. मी म्हणते, पुरवावं लागतं."

उठताना माझा हात धरला. "सोडते. आता नाही करायची. बेबीची शपथ." हात ओला होता, घट्ट. माझ्याहून जास्त घाबरलीय ती. आणि मी तिला धीर द्यायच्या ऐवजी तिच्या बोटांना निळं लागलंय का ते बघत होते.

४ डिसेंबर

काही घडलं नाही. भैय्याच्या गाडीवरून लांबूनच गेले. कथा हातात घेतली. पानांवरचे आपल्याच अक्षरातले आकडे बघून दचकायला होतं.

६ डिसेंबर, शुक्र.

गोकुळशेठच्या दुकानावर खडूने लिहिलेली पाटी: चिठ्ठी बंद.

मला माहीत नव्हतं. गूळ घ्यायला गेले होते. दुकानात पाच-सहा जण होते. शेठने वजन करता करता मला बघितलं आणि तागडी खाली ठेवली.

"आवो बेन. आप ही का राह देखता था." गल्ल्याखालून मूठभर निळ्या चिठ्ठ्या काढून फळीवर टाकल्या. "ये क्या है?"

"शेठ, मुलांच्या खेळण्यासाठी केल्या होत्या."

"मैंने खोखा फुकट दिया, बच्चा लोग के वास्ते. आपने मेरे ही खोखे से मेरा धंदा बिठा दिया? वही पुठ्ठा, वही साइज! मेरा छोकरा अंधेरे में कैसे पहचानेगा?"

एक बाई म्हणाली, "पण शेठ, माझी जांभळी आहे, तुमचीच. ही तरी घ्या."

"कौन असली कौन नकली मेरे को क्या मालूम? शिक्का भी कोई बना लेगा. अब एक भी नहीं लेगा. बाई को पूछो. बाई ने छापा है, बाई भरेगी."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

त्या वेळी लक्षात आलं, केवढं सोयीचं झालं त्याला हे. स्वतःच्या चिठ्ठ्याही त्याने एका फटक्यात पुसून टाकल्या, आणि त्याही माझ्या नावावर. पण मी गूळ तिथेच टाकून निघाले. रस्त्यात कुणीतरी हाक मारली, "ओ बाई!" मी वळून बघितलं नाही. धावले नाही एवढंच.

७ डिसेंबर

सकाळी हे कामावर गेले आणि त्यानंतर दाराशी बायका यायला लागल्या.

कुणाकडे चार, कुणाकडे ओंजळभर. बहुतेक जांभळ्याच. म्हटलं, ह्या शेठच्या आहेत, माझ्या नाहीत. "शेठ म्हणतो तुमच्या." कुणी चांगलं बोललं, कुणी नाही. मागच्या आळीतल्या एकीने पुठ्ठे उंबऱ्यावर टाकले. "शिकलेली माणसं तुम्ही. आम्ही म्हटलं बाई आहे, बाईचं खोटं नसणार."

विहिरीवर मी गेले तशी बोलणी थांबली. कळशी भरताना एक आवाज, कुणाचा ते बघितलं नाही: "नोटा छापल्या तर जन्मठेप असते."

"त्या काय नोटा आहेत?"

"सरकार नाही ना छापत? मग झालं."

दुपारी फिलूमावशी. टोपली रिकामी. चंची सोडली नाही, विचारलं नाही काही. उंबऱ्यावर बसून पाणी प्याली. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "मावशी, मी भरून देईन तुझे. थोडे थोडे."

"भरशील कशी? तुज्या घरात दिसत न्हाय काय मला?" मग म्हणाली, "मी सांगतंय त्यांना. पोरांचा खेळ व्हता. न्हाय ऐकत कोन." टोपली उचलायला मी हात लावला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हलकी हाय."

चाळीत ह्यांना कुणी काही बोललं नाही अजून. मेमध्येही कुणी पोलिसांना काही बोललं नव्हतं. तेव्हा ह्या गप्प बसण्यावर आम्ही तरलो. आता वाटतं, कुणीतरी सांगून टाकावं त्यांना, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.

८ डिसेंबर, रवि.

हे घरात, आणि मी प्रत्येक पावलाला दाराकडे. "कुणाची वाट बघतेस?" म्हणाले. "कुणाची नाही." खरं आहे. ह्याला वाट बघणं म्हणत नाहीत.

आज सांगायचंच ठरवलं होतं. ते चपलेच्या अंगठ्याला खिळा ठोकत बसले होते, गुणगुणत होते. संपानंतर पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. उद्या सांगेन म्हटलं.

९ डिसेंबर, सोमवार. दुपार टळल्यावर

आला.

बालवाडी चालू होती. मुलं "आमची गाय" म्हणत होती. बोळात बूट वाजले आणि ह्या खेपेला मला आधीच कळलं. मेमधलाच हवालदार. चाळीतल्या सगळ्या खिडक्या आपोआप लागल्यासारख्या झाल्या.

"काय वहिनी, ओळखलं का? साहेबांना घेतलं ना परत कामावर? चांगलं झालं."

ओटीच्या कडेला बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मुलं गप्प. पंक्याने माझा पदर धरला होता. हवालदाराने खिशातून दोन चिठ्ठ्या काढून चटईवर शेजारी-शेजारी ठेवल्या. एक पाच पाकळ्यांची, एक सहा.

"कुणी केलं ते सगळं केबिन रोड सांगतंय. ते मी विचारत नाही. ह्या दोन हातांच्या आहेत. हा हात तुमचा. हा कुणाचा?"

मी पंक्याच्या हातावर हात ठेवला.

"बघा वहिनी, मला पण पोरं आहेत. एवढ्याच केल्या, पोरांसाठी, तर मी 'खेळ' लिहितो, विषय संपला. पण बाजारात एवढ्या फिरतायत. एवढा खेळ नसतो. ह्या कुणीतरी धंद्याला केलेल्या. ते नाव सांगा. तुम्ही सुटलात, साहेब सुटले. नाही तर मला त्यांच्या ऑफिसला कळवावं लागतं. एकदा लिहून दिलंय ना त्यांनी?"

सगळं माहीत होतं त्याला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

बेबी पहिल्या रांगेत. तिचं तोंड उघडायला लागलं होतं. हे पोर आता सांगणार, मोठ्या अभिमानाने सांगणार. मी तिला ओढून मांडीवर घेतलं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. वर बघितलं तर सुमन तिच्या दारात. हाताला पीठ. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोरीकडे बघत होती.

ह्यांचा चेहरा आणला डोळ्यांसमोर. मुद्दाम आणला. दाढी करतानाचा. म्हटलं, नाव घे. एक शब्द आहे.

"सगळ्या माझ्याच," मी म्हणाले.

"वहिनी, पाकळ्या बघा."

"भेंड्या काय सगळ्या सारख्या असतात?"

"आणि नीळ?"

"संपत आली होती. पाणी जास्त घातलं."

"आकडा?"

"हात दुखत होता."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग सुमनच्या दाराकडे. दार आता लोटलेलं होतं. टोपी घातली. "लिहितो मग तसंच. उद्या ठाण्याहून मोठे साहेब येतायत चौकीवर. तुम्ही या. तुमच्या साहेबांनाही घेऊन या, त्यांना तर यावंच लागेल." पायरी उतरता उतरता, "आज दुपारपर्यंत विचार करा. नाव आठवलं तर निरोप पाठवा."

गेल्यावर मुलांना पुढचं गाणं म्हणायला लावलं. कुठलं ते आठवत नाही. बेबीला सोडताना बघितलं, तिच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ उठले होते.

धाडस नव्हतं ते. कुणी तसं म्हणेल पुढे, म्हणून लिहून ठेवते. सुमनचा तो चेहरा मला बघवला नाही, आणि ह्यांचा समोर नव्हता. समोर असता तर काय बोलले असते, मला सांगता येत नाही.

सुमनचं दार दिवसभर लोटलेलं. दत्ता पायरीवर. आज मला बघून तो उठला नाही, खाली बघत राहिला. त्याला कळलं असेल का. भिंतीपलीकडे काही आवाज नाही. रडण्याचाही नाही.

निरोप पाठवायचा असता तर दुपार गेली आता.

९ डिसेंबर, दिवेलागण

हे आले. लवकर आले. हातात पेढ्यांची पुडी. "अगं, टेबल परत मिळालं. खिडकीजवळचं. बडेबाबू स्वतः म्हणाले, बसा आपल्या जागी." पाय धुताना पण बोलत होते. बोळातून येताना कुणीच भेटलं नाही म्हणाले, "आज सगळी कुठे गेलीत?"

मी चहा केला. साखर जास्त घातली. कप त्यांच्या हातात दिला नाही, पाटाजवळ ठेवला.

"तू काय लिहितेयस ह्या वेळी? कथा?"

"हो."

"होतेय का पुरी?"

"बघू. तुम्ही चहा घ्या आधी. मग सांगते एक."

"आत्ताच सांग."

"घ्या आधी."

घेतायत. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश. पेढ्याची पुडी सोडलीय, एक माझ्यासाठी वहीवर आणून ठेवला. पहिली बशी संपली. मी मान वर करत नाहीये, नुसती लिहितेय, काय लिहितेय ते. दुसरी ओतली. कपात आता फार नाही.